वयात आलेला कुत्रा आणि फ्लॅटमधलं घर: पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांसाठी

पाच महिन्यांचा असताना हाकेसरशी धावत येणारा कुत्रा आठव्या महिन्यात हाक ऐकून मान फिरवतो. लीश ओढतो, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांच्या अंगावर उडी घेतो, सोफ्याचा कोपरा कुरतडतो, खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक डिलिव्हरीवाल्यावर भुंकतो. मग घरात वाद सुरू होतात, सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार पडते आणि ‘याला गावाला पाठवून देऊ’ हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून पहिल्यांदा निघतं. ठाण्यात आणि नवी मुंबईत ‘चांगलं घर हवंय’ म्हणून ज्या कुत्र्यांचे फोटो फिरतात, त्यातले माझ्या पाहण्यातले बरेच आठ महिने ते दीड वर्ष या वयाचे असतात. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी लिहितोय.

साधारण सहाव्या महिन्यापासून कुत्रा वयात येऊ लागतो. लहान जाती वर्ष-सव्वा वर्षात यातून बाहेर पडतात. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींना दीड ते दोन वर्षं लागतात. तोवर दुधाचे २८ दात जाऊन ४२ पक्के दात आलेले असतात, अंगात ताकद आलेली असते, हार्मोन्सचा जोर असतो. पण मनातली ऊर्मी आवरणारा मेंदूचा भाग अजून तयार होत असतो. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी गाईड डॉग म्हणून वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांचे असताना ‘सिट’ म्हटल्यावर बसणारे कुत्रे आठव्या महिन्यात स्वतःच्या माणसाचं कमी ऐकत होते, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होते. वर्षाचे होईपर्यंत त्यांची गाडी पुन्हा रुळावर आली होती. म्हणजे तुमचा कुत्रा शिकवलेलं विसरलेला नाही, आणि तुमच्यावर सूडही उगवत नाहीये. या वयात असंच होतं, आणि हे वय सरतं.

पण ते आपोआप सरेल म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. कुत्रा जे रोज करतो, ते त्याच्यात पक्कं होतं. दिवसभर खिडकीत बसून भुंकणारा कुत्रा त्यात रोज तरबेज होत जातो. म्हणून शिकवणं दुसरं. नको असलेल्या गोष्टी करायची संधीच त्याला मिळू न देणं हे पहिलं. पुढची प्रत्येक पायरी याच्यावर उभी आहे.

पहिली पायरी: डॉक्टर

वागणं चार-आठ दिवसांत एकदम बदललं असेल, तर ट्रेनरच्या आधी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा. डोक्यावरून हात फिरवला की गुरगुरणाऱ्या लॅबच्या कानात संसर्ग असू शकतो. जिना चढायला नकार देणाऱ्या शेफर्डचा खुबा दुखत असू शकतो. आपल्याकडे पावसाळ्यात पंजांच्या बोटांमध्ये बुरशी होते, मानेच्या घडीत गोचीड बसतात. अशी खाज सुटलेला कुत्रा चिडका होणारच. त्याच भेटीत रेबीजचा वार्षिक डोस झालाय का ते पाहा आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसीबद्दल विचारा. उंदीर असलेल्या आणि पाणी तुंबणाऱ्या आपल्या भागात ती फार महत्त्वाची आहे.

नसबंदीचा प्रश्न याच वयात येतो. मादी साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान पहिल्यांदा हीटवर, म्हणजे माजावर येते, मोठ्या जातींत याहून उशिरा. हीट दोन-तीन आठवडे चालते. त्या काळात तिला लीशशिवाय दाराबाहेर नेऊ नका, आणि परिसरातले सगळे नर गेटवर का जमलेत याचं नवल करू नका. नसबंदीने नराचं घरात खुणेची लघवी करणं, अंगावर चढणं, मादीच्या मागे पळून जाणं बऱ्याचदा कमी होतं. मादीत गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. पण भीतीपोटी भुंकणारा किंवा अंगावर जाणारा कुत्रा नसबंदीने शांत होतोच असं नाही, काहींमध्ये भीती वाढतेही. मोठ्या जातींत सांध्यांची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावं का, हे तुमच्या कुत्र्याला तपासलेल्या डॉक्टरांनीच ठरवावं.

दुसरी पायरी: घर आणि दिवस

या वयाच्या कुत्र्याला दिवसाला चौदा-सोळा तास झोप लागते. आपल्या फ्लॅटमध्ये ती मिळत नाही. बेल वाजते, कचरा न्यायला कुणी येतं, मुलं शाळेतून येतात, टीव्ही चालू असतो. अर्धवट झोपलेला कुत्रा संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान घरभर सैरावैरा पळतो आणि पायांचे चावे घेतो. लोक म्हणतात, याची ताकद जिरत नाही. मग पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या पार्किंगवरच्या मोकळ्या जागेत, तासभर चेंडू फेकतात. त्याने दमही वाढतो आणि डोकंही तापतं. त्याऐवजी दुपारी दोन-तीन तास एका खोलीत पडदे ओढून, पंखा लावून त्याला पडू द्या. सातच्या आत चघळायला काहीतरी द्या. आठवडाभर हे नेमाने करून पाहा. निम्म्या घरांतल्या संध्याकाळच्या तक्रारी यानेच खाली येतात, असा माझा अनुभव आहे.

दाताला काम हवंच असतं. कच्चं गाजर चालतं. रबरी पोकळ खेळण्यात बिनसाखरेचं दही आणि थोडं रोजचं खाणं भरून फ्रीजरमध्ये गोठवलं, तर अर्धा तास शांततेत जातो. जुन्या चादरीच्या घड्यांमध्ये कोरडं खाणं पेरून ठेवा आणि शोधू द्या. पावसाळ्यात बाहेर जाता येत नाही तेव्हा याला तोड नाही. चघळायची वस्तू अंगठ्याच्या नखाने दाबून पाहा. जराही दबत नसेल तर ती दात फोडेल. शिजवलेली हाडं कधीच नकोत, ती आत टोचतात. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं आणि मनुका त्याच्यासाठी विषारी आहेत; शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉलही. प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुका लक्षात ठेवा.

चप्पल-बूट कपाटात बंद करा. चार्जरच्या वायरी वर उचला. कुरतडायला चप्पल सापडलीच नाही, तर चप्पल कुरतडायची सवय लागत नाही. खिडकीतून भुंकत असेल तर काचेच्या खालच्या भागाला दूधकाचेसारखी फिल्म लावा. काम तासाभराचं आहे.

आता घरातली माणसं. सगळ्यांनी एकदा बसून ठरवा की काय चालेल आणि काय नाही. बाबा म्हणणार ‘सोफ्यावर नको’ आणि आजी ताटातली पोळी मोडून सोफ्यावरच भरवणार, तर त्यात कुत्र्याचा काय दोष? आजींना खाऊ घालण्यातला आनंद सोडायला सांगू नका. फक्त तो घास त्याच्या वाटीत किंवा चटईवर पडू द्या. आज्ञेचा शब्दही एकच हवा. घरात कुणी ‘सिट’, कुणी ‘बस’, कुणी ‘बस रे बाळा, बस, बस’ म्हणत असेल तर त्याला काहीच कळत नाही.

तिसरी पायरी: तीन गोष्टी शिकवा, रोज थोड्या

एका वेळी तीन मिनिटं पुरे, दिवसातून चार-पाच वेळा. खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढा: उकडलेलं चिकन, पनीर, उकडलेलं अंडं. सुकी मासळी त्यांना फार आवडते, पण तिच्यात मीठ असतं, ती नको. दिवसभरात दिलेला खाऊ जेवणातून वजा करा, नाहीतर वर्षभरात लॅबची उशी होईल.

नाव. नाव घ्या, त्याने पाहिलं की ‘छान’ म्हणा, खाऊ द्या. ज्या क्षणी त्याने योग्य ते केलं, त्याच क्षणी ‘छान’ यायला हवं. खाऊ सेकंदभर मागून आला तरी चालेल. नाव रागावण्यासाठी वापरू नका.

चटई. एक जुनी सतरंजी घ्या. तिच्यावर पाय ठेवला की खाऊ, बसला की खाऊ, अंग टाकलं की आणखी. आधी रिकाम्या खोलीत, मग तुम्ही जेवत असताना, मग बेल वाजल्यावर. बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून हळू आवाजात सुरू करा. उड्या मारणाऱ्या कुत्र्यावर ओरडण्यापेक्षा पाहुणे आले की चटईवर जायचं शिकवणं सोपं आहे, कारण त्याला काय करू नकोस याऐवजी काय कर हे कळतं.

सोड. तोंडातली वस्तू हिसकावू नका. त्याहून चांगलं काहीतरी नाकाशी धरा, त्याने सोडलं की ‘छान’, खाऊ द्या आणि वस्तू धोक्याची नसेल तर परतही द्या. परत मिळतं हे कळलेला कुत्रा वस्तू घेऊन पलंगाखाली पळत नाही.

चौथी पायरी: दारापासून गेटपर्यंत

फ्लॅटमधल्या कुत्र्याचा फिरण्याचा सगळ्यात अवघड भाग घराच्या दारापासून सोसायटीच्या गेटपर्यंत असतो, आणि लोक तोच भाग घाईत उरकतात. कुत्र्याच्या दृष्टीने पाहा: लघवी लागलेली, उत्साह उतू चाललेला, आणि पाच फूट बाय पाच फुटांच्या डब्यात अनोळखी माणसाच्या पायाशी उभं राहायचं. त्यात बाराव्या मजल्यावरून येणारा दुसरा कुत्रा आधीच आत असेल तर मागे सरायला जागाच नाही.

आधी साहित्य. छातीवर वाय आकार येणारा हार्नेस घ्या, ज्यात खांदे मोकळे राहतात. लीश सहा फुटांची, साधी. लांब-आखूड होणारी दोरीवाली लीश आपल्या गर्दीत नको. गळा आवळणारी साखळी, काट्यांचा पट्टा, विजेचा झटका देणारा पट्टा यांपैकी काहीही नको. ज्या वेळी त्याला समोर कुत्रा दिसतो त्याच वेळी गळ्याला दुखतं, मग कुत्रा दिसला की दुखतं एवढंच तो शिकतो आणि पुढच्या वेळी आधीच भुंकतो.

घरात लीश लावा, चारी पाय जमिनीवर येईपर्यंत थांबा, मगच दार उघडा. उसळला तर दार पुन्हा लावा, बोलू नका, थांबा. पहिल्या दिवशी याला दहा मिनिटं जातील, म्हणून रविवारी सुरुवात करा. लॉबीत लिफ्टच्या दारापासून दोन पावलं बाजूला उभे राहा. दार उघडून बाहेर येणाऱ्याच्या समोर कुत्रा नको. आत कुणी असेल तर सरळ म्हणा, “काका, तुम्ही व्हा पुढे, आम्ही पुढच्या लिफ्टने येतो.” हे वाक्य सहा महिने बोलायची तयारी ठेवा. लिफ्ट रिकामी मिळाली की कोपऱ्यात जा, कुत्रा भिंत आणि तुमचे पाय यांच्यामध्ये ठेवा, खाली जाईपर्यंत जमिनीवर एकेक दाणा टाकत राहा. नाक खाली असलेला कुत्रा उडी मारत नाही. तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत राहत असाल तर गर्दीच्या वेळी जिना वापरा. पाठ लांब असलेला डॅक्सहुंड मात्र उचलून न्या.

कुणी लाडाने हात पुढे केला तर संकोच करू नका. “ताई, तो शिकतोय, आत्ता हात नका लावू, दोन महिन्यांनी नक्की,” असं म्हटलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. आणि जे घाबरतात त्यांची भीती खरी आहे असं मानूनच वागा. ‘काही करत नाही तो’ हे वाक्य घाबरलेल्या माणसाला कधीही बोलू नका.

पाचवी पायरी: रस्ता आणि गल्लीतले कुत्रे

लीश ओढण्यावर एकच उपाय मला खात्रीने सांगता येतो: लीश ताणली की तुमचे पाय थांबले पाहिजेत, सैल झाली की चालले पाहिजेत. घरातल्या प्रत्येकाने, प्रत्येक वेळी. ऑफिसची घाई असेल त्या सकाळी शिकवू नका. हार्नेसच्या पुढच्या कडीला लीश लावा, जवळच लघवी करून आणा. आणि फिरताना वास घेऊ द्या. गाडीचं टायर, झाडाचं खोड, खांब यांवर त्याला सगळ्या परिसराची बातमी मिळते. वीस मिनिटं मनसोक्त वास घेतलेला कुत्रा तासभर फरफटत चाललेल्या कुत्र्यापेक्षा शांत घरी येतो.

खरी कसोटी गल्लीतल्या कुत्र्यांची. लहान असेपर्यंत तुमच्या कुत्र्याकडे ते बऱ्याचदा पिल्लू म्हणून कानाडोळा करतात. त्याला वयाचा वास येऊ लागला की त्यांचं वागणं बदलतं. तुमचाही कुत्रा भीतीने किंवा नुसत्या अतिउत्साहाने भुंकायला लागतो. इथे कामाला येतं ते अंतर. समोरचा कुत्रा दिसतोय, पण तुमचा कुत्रा तुमच्या हातून खाऊ घेतोय, एवढं अंतर तुमचं. खाऊ नाकारला, अंग ताठ झालं, नजर खिळली, तोंड मिटलं, की तुम्ही जास्त जवळ आलात. मागे सरा. दुरून कुत्रा दिसला की लगेच खाऊ, दिसेनासा झाला की खाऊ बंद. भुंकल्याबद्दल हा खाऊ नाही. समोर कुत्रा दिसला म्हणजे आपल्या माणसाकडून काही चांगलं मिळणार, एवढंच त्याच्या मनात बसवायचंय. अंतर आठवड्यांच्या हिशोबाने कमी होतं.

आता हे अंतर आणायचं कुठून? खारघर, नेरुळ, सीवूड्समध्ये सेक्टरांचे रस्ते रुंद आहेत. पलीकडच्या फुटपाथवर जाता येतं, वळसा घेता येतो. नौपाडा, पाचपाखाडी, कोपरी इथल्या जुन्या गल्ल्यांत ते शक्य नसतं. तिथे उभ्या गाड्यांचा आडोसा घ्या. गाडीच्या मागे जाऊन थांबा, दाणे जमिनीवर विखरा, समोरचा कुत्रा निघून जाऊ द्या. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी सर्व्हिस रोडऐवजी कोलशेतच्या बाजूचे आतले रस्ते पाहून ठेवावेत. उपवन तलाव आणि तलावपाळी संध्याकाळी टाळाच. फुगे, भेळ, सायकली, मुलं, सगळं एकदम अंगावर येतं. पहाटे साडेपाच-सहाला तिथे शिकवण्याजोगी शांतता असते. येऊरच्या जंगलात कुत्रा नेऊ नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे आहेत. डोंगराला लागून असलेल्या सोसायट्यांनीही अंधारात कुत्रा लीशवरच ठेवावा. नेरुळच्या डीपीएस तलावावर, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या खाजणात हिवाळ्यापासून मेपर्यंत फ्लेमिंगो उतरलेले असतात. त्यांच्यामागे पळणारा कुत्रा हा खेळ नाही, ते दमलेले पक्षी असतात.

तुमच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणारं कुणीतरी असतं. त्या माणसाशी ओळख करून घ्या. कोणता कुत्रा कुठे बसतो, कोण तापट आहे, कुणाला पिल्लं झालीत, हे त्यांना ठाऊक असतं. कानाला छोटी खाच दिसली तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे. दोन-चार कुत्रे भुंकत आलेच तर पळू नका, काठी उगारू नका, लीश आखडून स्वतःच्या कुत्र्याला वर लटकवू नका. तुम्ही मध्ये या, मूठभर खाऊ त्यांच्या दिशेने जमिनीवर फेका आणि तिरक्या चालीने बाहेर पडा.

एप्रिल-मेमध्ये डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर पंजे भाजतील. पग आणि शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना त्या दिवसांत सकाळी सातनंतर बाहेर नेणंच धोक्याचं आहे.

हाकेला येणं

या वयात लीश सोडू नका. पिल्लूपणी पोडियमवर मोकळा फिरायचा म्हणून आता फिरेल असं धरू नका. मादीचा वास आला किंवा फटाका फुटला तर तो पामबीच रोडवर गाड्यांमध्ये असेल. तीस फुटांची हलकी दोरी हार्नेसला बांधा आणि रिकाम्या मैदानात न्या. तो स्वतःहून वळून पाहील तेव्हा ‘ये’ म्हणा आणि आला की एक दाणा नाही, पाच-सहा द्या, एकामागून एक. मग ‘जा’ म्हणून परत सोडा. आलं की खेळ संपतो, आंघोळ होते, नखं कापली जातात, हे त्याला कळलं तर तो येणार नाही. आंघोळीसाठी बोलवायचं नसतं, जाऊन आणायचं असतं. आणि कितीही वेळाने आला तरी, तुमचा जीव कितीही वर गेलेला असला तरी, आल्यावर रागवायचं नाही. ही एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ हवी.

गुरगुरणं

वाटीजवळ गेल्यावर, सोफ्यावरून उठवल्यावर, चघळायची वस्तू काढून घेतल्यावर या वयात काही कुत्रे पहिल्यांदा गुरगुरतात. घरच्यांना धक्का बसतो. पहिली प्रतिक्रिया असते ‘याला दाखवतो घरात मालक कोण आहे’. असं करू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून दाबली तर पुढच्या वेळी सूचना येत नाही, थेट दात येतो. त्या क्षणी मागे व्हा. दुसऱ्या दिवसापासून वाटीजवळून जाताना चिकनचा तुकडा टाकून पुढे निघून जायचं, हात वाटीला न लावता. माणूस जवळ आला की वाढून मिळतं, हे त्याला पटायला काही आठवडे लागतात. सोफ्यावरून ओढून उतरवू नका, खाऊ जमिनीवर टाका. घरात लहान मूल असेल तर कुत्रा जेवताना आणि झोपलेला असताना मूल त्याच्याजवळ नकोच, मधे दार किंवा जाळी हवी. तेवढ्या वेळापुरतं ‘लक्ष आहे माझं’ पुरत नाही.

एकटं राहणं

सकाळची लोकल धरून रात्री आठला परतणारी जोडपी ठाण्यात घरोघरी आहेत. दहा-अकरा तास एकटा राहणारा तरुण कुत्रा दार खरवडतो, रडतो, भुंकतो. आधी मोबाइल कॅमेरा लावून पाहा. तुम्ही गेल्यावर तासाभराने उशी फाडली असेल तर तो कंटाळलाय. चघळणं, शोधणं, दुपारी फिरवणारा कुणी, याने भागतं. तुम्ही दार ओढल्याच्या पहिल्या काही मिनिटांतच तो लाळ गाळतोय, येरझारा घालतोय, दाराला नखं मारतोय, तर ती घबराट आहे. तिथे ‘रडून रडून गप्प होईल’ हा उपाय चालत नाही, घबराट वाढते. चप्पल घालून लगेच परत या; मग दाराबाहेर पाच सेकंद, मग पंधरा, मग मिनिट; तो शांत आहे तोवरच वेळ वाढवा. दरम्यान शेजारच्या मावशी, कॉलेजला जाणारी भाची, दिवसभर सांभाळणारं पाळणाघर अशी सोय लावा. डॉक्टरांकडे यावर औषधं आहेत आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

ढोल, पाऊस आणि फटाके

सहा ते चौदा महिन्यांच्या दरम्यान केव्हातरी भीतीचा दुसरा टप्पा येतो. काल ज्या कचऱ्याच्या डब्याजवळून गेला त्याच डब्याला आज बिचकतो. ओढत नेऊ नका. लांबून पाहू द्या, हवं तर परत फिरा. हा टप्पा दहीहंडी ते दिवाळीच्या मधे आला तर जास्त सांभाळा, कारण एकाच मोठ्या दचकण्याने जन्माची भीती बसू शकते. ढोल-ताशा आणि फटाक्यांचे आवाज जूनपासूनच मोबाइलवर अगदी हळू लावा, सोबत जेवण द्या, आठवड्यागणिक किंचित आवाज वाढवा. दिवाळीत संध्याकाळी पाचच्या आत फिरवून आणा. रस्त्यापासून सगळ्यात लांबची खोली, खिडक्या बंद, पंखा किंवा टीव्ही चालू. जवळ येऊन बसला तर थोपटा. थोपटल्याने भीती वाढत नाही. मागच्या वर्षी फार घाबरला असेल तर दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटा, घरात पडलेली झोपेची गोळी देऊ नका. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर आणि अंगात मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळख-क्रमांकाची चिप) या दिवसांत सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

सोसायटी

पाळीव कुत्र्यावर बंदी घालण्याचा किंवा लिफ्ट वापरू न देण्याचा ठराव सोसायटीला करता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण हा कागद तक्रार आल्यावर बाहेर काढायचा. रोजचं वागणं त्याआधी. महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाचं कार्ड फाइलला ठेवा. खारघर, कळंबोली पनवेल महापालिकेत येतात, नवी मुंबई महापालिकेत नाही, हे अर्ज करताना लक्षात ठेवा. विष्ठा उचला, पावसातही. खालच्या मजल्यावरच्या काकूंना स्वतःहून जाऊन सांगा की तो शिकतोय आणि रात्री भुंकला तर मला फोन करा. कमिटीकडे जाणारी तक्रार बऱ्याचदा तिथेच थांबते.

चावलाच तर

जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा. कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे टाळू नका.

त्वचा फुटेल असा चावा, घरातल्या माणसावर वारंवार दात काढणं, खाणं सोडून लपून बसणं, यांपैकी काही झालं तर एकट्याने करू नका. आधी डॉक्टर, मग वागणुकीवर काम करणारा अनुभवी माणूस. ट्रेनर म्हणवून घ्यायला आपल्याकडे कुठलीच परीक्षा द्यावी लागत नाही, म्हणून फी भरण्याआधी विचारा: त्याने बरोबर केलं तर काय कराल, आणि चुकला तर काय कराल? पहिल्याचं उत्तर खाऊ किंवा खेळ, आणि दुसऱ्याचं ‘अंतर वाढवू, सोपं करून पुन्हा शिकवू’ असं आलं तर पुढे बोला. ‘झटका द्यावा लागतो’, ‘उलटा पाडून दाबून धरायचं’, ‘महिनाभर माझ्याकडे सोडा, तुम्ही भेटायला येऊ नका’ यांपैकी एकही आलं तर कुत्र्याला घेऊन तिथून निघा.